एक ते तीन वर्षांचं बाळ: घरच्या घरी काय बघायचं, कधी थांबायचं, कधी डॉक्टर गाठायचा

बाळाचा पहिला वाढदिवस झाला की भेटेल तो माणूस दोनच गोष्टी विचारतो, चालायला लागलं का आणि बोलतं का काही. लग्नात, लिफ्टमध्ये, भाजी घेताना, कुठेही. मग कुणीतरी काकू सांगतातच की आमचा तर नवव्या महिन्यात घरभर पळायचा, आणि आपण रात्री बाळ झोपल्यावर मोबाईल घेऊन शोधत बसतो आणि त्यात जे सापडतं ते वाचून होती ती झोप पण उडते. मी दोन पोरांची आई, मोठा शाळेत जातो, धाकटी अडीच वर्षांची, आम्ही पुण्यात सिंहगड रोडला राहतो, घरात सासू-सासरे आहेत, नवरा हिंजवडीला कामाला जातो म्हणजे खरं तर रस्त्यातच असतो. डॉक्टर नाहीये मी. पण दोन्ही वेळेला डॉक्टरांना विचारून विचारून आणि वाचून जे कळलं ते एका जागी लिहून ठेवतेय. माझं म्हणणं एवढंच की वेगळा वेळ काढून बाळाची परीक्षा घेऊ नका, रोजच्या कामात बघा, जे बघायचं असतं ते अंघोळ, जेवण, जिना आणि बाल्कनी एवढ्यात दिसतं.

आधी वय नीट मोजा

बाळ वेळेआधी जन्मलं असेल तर जेवढे आठवडे लवकर तेवढे वयातून वजा करायचे. पूर्ण दिवस म्हणजे ४० आठवडे. ३२व्या आठवड्यात झालेलं बाळ आज कॅलेंडरप्रमाणे १४ महिन्यांचं असेल तर टप्पे बघताना ते १२ महिन्यांचं धरायचं. हे साधारण दोन वर्षांपर्यंत करतात. लसी मात्र जन्मतारखेप्रमाणेच, तिथे वजाबाकी नाही.

आता आकडे. डब्ल्यूएचओने, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेने, २००६ मध्ये चालण्या-बसण्याचे आकडे काढले, पाच देशांतल्या मुलांवरून, त्यात आपल्या दिल्लीची मुलं पण होती. आधार न घेता चालणं साधारण ८.२ महिन्यांपासून ते १७.६ महिन्यांपर्यंत कधीही. म्हणजे काकूंचा नवव्या महिन्यातला आणि तुमचा सतराव्या महिन्यातला, दोघंही रेंजमध्ये. आणि त्याच अभ्यासात शंभरातली चारेक मुलं हात-गुडघ्यांवर रांगलीच नाहीत, डायरेक्ट उभी राहिली किंवा बुडावर सरकत फिरली आणि नंतर नीट चालली. रांगणं चुकलं म्हणून पत्रिका काढायला धावू नका.

दुसरी एक यादी खूप फिरते ती सीडीसीची, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेची. ती २०२२ मध्ये बदलली. आता त्यात प्रत्येक वयासमोर लिहिलेली गोष्ट त्या वयाच्या शंभरातल्या ७५ किंवा जास्त मुलांना जमते. जुनी यादी निम्म्या मुलांना काय जमतं यावर होती, त्यामुळे जुनी यादी बघून अर्ध्या आया उगाच घाबरायच्या. नवीन यादीत मात्र एखादी गोष्ट येत नसेल तर निदान डॉक्टरांना विचारायचं, एवढं लक्षात ठेवा. व्हॉट्सअॅपवर येणारे रंगीत चार्ट बऱ्याचदा जुन्या यादीचेच असतात.

बघायचं कसं

पाहुण्यांसमोर बाळाला उभं करून "नाक कुठंय दाखव, कान कुठंयत दाखव" हा कार्यक्रम आपल्याकडे सगळ्यांना आवडतो आणि बाळ नेमकं तेव्हा ढिम्म उभं राहतं. त्यावरून काहीही ठरवू नका. अंघोळीच्या वेळी साबण लावताना म्हणा, पाय दे, आता पोट, आणि बघा ते स्वतः पुढे करतं का. दोन वर्षांपर्यंत निदान दोन अवयव विचारल्यावर दाखवता आले पाहिजेत आणि ते बाथरूममध्ये आरामात कळतं.

"चप्पल आण" हे दीड वर्षाच्या बाळाला हातवारे न करता समजलं पाहिजे. इथे आपण नकळत चीटिंग करतो, बोलताना चपलेकडे बोट दाखवतो किंवा मान वळवतो, आणि मग म्हणतो बघा सगळं समजतं त्याला. हात मागे बांधा, बाळाकडेच बघा, आणि मग सांगा. आजी-आजोबांना पण हे सांगून ठेवा, कारण त्यांच्या हाताला सवयच असते.

दीड वर्षाचं बाळ घरातल्या कामांची नक्कल करतं. केरसुणी ओढत नेणं, पोळपाट-लाटणं घेऊन बसणं, आजोबांचा चष्मा लावून पेपर धरणं. आमच्या धाकटीला भातुकली आणून दिली तुळशीबागेतून, तिने ती कपाटाखाली ढकलली आणि माझी खरी पळी घेऊन कुकरच्या झाकणात ढवळत बसली. हे दिसलं की समजायचं बाळ आपल्याकडे बघतंय आणि डोक्यात साठवतंय, आणि पुढचं नाटक-नाटक खेळणं, म्हणजे बाहुलीला खाऊ घालणं वगैरे, यातूनच येतं.

पण मला विचाराल तर सगळ्यात महत्त्वाची जागा आहे बाल्कनी. बोट दाखवणं. यात दोन प्रकार आहेत आणि बऱ्याच जणांना फरक माहीत नसतो. एक, हवंय म्हणून बोट दाखवणं, वरच्या फळीवरच्या बिस्किटाच्या डब्याकडे, हे साधारण १५ महिन्यांपर्यंत येतं. दुसरं, काहीतरी भारी दिसलं म्हणून तुम्हाला दाखवायला बोट करणं, खाली कुत्रा दिसला, बोट केलं, आणि मग मागे वळून तुमच्या तोंडाकडे बघितलं की आईने बघितलं का. हे १८ महिन्यांपर्यंत यायला हवं. या दुसऱ्या बोटात काही मागायचं नसतं, फक्त माझ्यासोबत बघ एवढंच असतं, आणि बोलण्याचा पाया तिथे आहे म्हणून डॉक्टर त्याबद्दल इतकं खोदून विचारतात. बाळ तुमचा हात धरून वस्तूपर्यंत नेत असेल पण बोट कधीच करत नसेल तर ते लक्षात ठेवा आणि सांगा.

बोलणं, आणि शब्द मोजायचे कसे

घरात सगळ्यात जास्त भांडणं यावरून. सासूबाई म्हणतात बोलतो की, आई म्हणते कुठे बोलतो. तर मोजायचं असं. आई-बाबा सोडून १५ महिन्यांपर्यंत एखाद-दोन शब्द बोलायचा प्रयत्न, १८ महिन्यांपर्यंत तीन तरी, दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडून, आणि अडीच वर्षांपर्यंत साधारण ५० शब्द. शब्द म्हणजे शुद्ध उच्चार नाही. मम्मं, भूभू, माऊ, भुर्र, बाऊ, जोजो हे सगळे शब्दच, अट एकच, दरवेळी त्याच गोष्टीसाठी वापरायचे. पाण्याला रोज "पापा" म्हणत असेल तर तो शब्द. पण टीव्हीत ऐकून ए बी सी डी झेडपर्यंत म्हणतं आणि पाणी मागता येत नाही, तर ती ए बी सी डी यात धरू नका, पाठांतर वेगळं आणि मागणं-सांगणं वेगळं.

दोन शब्द जोडणं म्हणजे "पाणी दे", "बाबा भुर्र", "अजून भात". "टाटा बाय बाय" हे एकच धरायचं कारण ते एकत्रच शिकलेलं असतं.

घरात मराठी, सांभाळणाऱ्या मावशी हिंदी, पाळणाघरात इंग्रजी, हे आता पुण्यात घरोघरी आहे. जास्त भाषांमुळे मूल उशिरा बोलतं असं नाहीये, मोजताना सगळ्या भाषांतले शब्द एकत्र मोजा, मराठीत १५, हिंदीत पाच, इंग्रजीत पाच तर पंचवीस झाले. काही शाळा सांगतात घरी पण इंग्रजीच बोला, त्याची काही गरज नाही, ज्या भाषेत तुम्ही चिडता, हसता, गाणी म्हणता तीच बोला, मोडक्या इंग्रजीत "कम बेबी, ईट भात" करण्यापेक्षा आजीच्या चार गोष्टी जास्त कामाच्या. र चा ल होणं, ळ न येणं, हे तीन वर्षांपर्यंत सर्रास असतं, हसू नका आणि सारखं दुरुस्त पण करू नका. आणि मुलगी दिवसभर बाबा-आजोबांच्या मागे असेल तर "मी जातो, मी खातो" म्हणते, जाईल ते.

बोलणं वाढवायला आम्हाला जे सांगितलं आणि जे उपयोगी पडलं ते फार साधं आहे. करताय ते बोलून दाखवा, "आता कांदा चिरू, बघ पाणी आलं डोळ्यात", मग गप्प बसा. हे गप्प बसणं अवघड जातं. बाळाला उत्तर द्यायला वेळ लागतो, मनातल्या मनात पाचपर्यंत मोजा, आपण दोनवरच दुसरा प्रश्न टाकतो. बाळ म्हणालं "गाडी" की तुम्ही म्हणा "हो, लाल गाडी गेली", ते "लाल गाडी"वर आलं की "मोठी लाल गाडी, पीएमटी बस". एकेक शब्द पुढे. हवी ती वस्तू लगेच हातात देऊ नका, दोन वस्तू धरा, केळं का सफरचंद, आणि थांबा. बोटं-टाळ्यांचे खेळ आणि बडबडगीतं जेवढी येतात तेवढी म्हणा, शेवटचा शब्द सोडून द्या, तो बाळ पूर्ण करतं. पुस्तकं महागडी लागत नाहीत, अप्पा बळवंत चौकात जाड पुठ्ठ्याची चित्रांची पुस्तकं मिळतात, एकच पुस्तक वीस वेळा वाचायला लावतील, वाचा, त्याच्यातच शिकतात. अडीच वर्षांपर्यंत एकेक पान उलटता येतं, त्याआधी तीन-चार पानं एकदम उलटतात आणि क्वचित चघळतात.

बोलणं मागे वाटलं तर सगळ्यात आधी कान तपासा. बाळ दाराची बेल ऐकतं म्हणजे कान चांगले असं नसतं, सर्दी होऊन होऊन कानात पाणी साठलं तरी बारीक आवाज हरवतात. जन्मल्यावर केलेली ऐकण्याची टेस्ट नॉर्मल होती तरी पुन्हा करायला डॉक्टर सांगतात, करून घ्या. आणि जीभ चिकटलेली आहे म्हणून बोलत नाही हे जे सगळे सांगतात, त्याने फार तर काही उच्चार अडतील, पण मूल शब्दच बोलत नाही, सांगितलेलं समजत नाही, याचं कारण जिभेखाली नसतं.

चालणं, जिने, पांगुळगाडा

यावर फार लिहीत नाही कारण हे बहुतेक मुलं आपोआप करतात. फक्त तो चाकांचा गोल वॉकर, ज्यात बाळाला मध्ये बसवतात, तो आणू नका, गिफ्ट आला तर माळ्यावर टाका. त्याने चालणं लवकर येत नाही आणि जिन्यावरून पडायचे अपघात होतात, कॅनडाने तर २००४ मध्ये त्यावर बंदी घातली. आपला लाकडी पांगुळगाडा वेगळा, त्यात बाळ स्वतःच्या पायावर उभं राहून मागून ढकलतं. फक्त तो गुळगुळीत फरशीवर सुसाट जातो, मग गोधडी अंथरा किंवा त्यात डाळ-तांदळाची पिशवी ठेवून जड करा.

घरात अनवाणी चालू द्या. तळपाय सपाट दिसतात, पाय थोडे धनुष्यासारखे वाकलेले दिसतात, दोन वर्षांपर्यंत ते चालतं. दोन वर्षांच्या आसपास पळणं, बॉलला लाथ मारणं, हात धरून किंवा न धरता दोन-चार पायऱ्या चढणं. अडीचला दोन्ही पाय उचलून उडी. त्यासाठी घराबाहेर पडावं लागतं आणि पुण्यात अजून तेवढी सोय आहे, सारसबाग, संभाजी बाग, कमला नेहरू पार्क, जवळ असेल तर तळजाई. महापालिकेच्या बऱ्याच बागा दुपारी बंद असतात, बाळ कडेवर घेऊन गेटवर जाऊन परत यायची वेळ येऊ नये म्हणून सकाळी किंवा पाचनंतर जा. पर्वतीच्या १०३ पायऱ्या आहेत, सगळ्या नाही हो, खालच्या पाच-सहावर चढ-उतर करायला लावा, एवढ्यावर आमची संध्याकाळ गेलीय. डब्ल्यूएचओ म्हणतं एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसभरात मिळून निदान १८० मिनिटं हालचाल हवी. ऐकायला जास्त वाटतं, पण पोर मोकळं सोडलं तर सहज होते, गाडीत आणि खुर्चीत बांधून ठेवलं तर नाही होत.

एक गोष्ट लक्षात ठेवा, वर्षाच्या आतच बाळ कायम एकच हात वापरत असेल आणि दुसरा मुठीत ठेवत असेल तर ते डावखुरं आहे म्हणून खूश होऊ नका, डॉक्टरांना दाखवा. इतक्या लवकर हात पक्का होत नसतो, दुसऱ्या बाजूत जोर कमी असू शकतो.

"खातच नाही काही"

पहिल्या वर्षात बाळाचं वजन जन्मापेक्षा साधारण तिप्पट होतं. दुसऱ्या अख्ख्या वर्षात फक्त दोन-अडीच किलो वाढतं. वाढच हळू होते तर भूक कमी होणारच, पण आपल्याला वाटतं काहीतरी बिघडलं, आणि मग चिऊचा घास काऊचा घास, मोबाईल, घरभर वाटी घेऊन मागे धावणं, एकेक जेवण तास-तासभर. आमच्या डॉक्टरांनी एक वाटणी सांगितली ती मला पटली, काय आणि कधी द्यायचं ते तुम्ही ठरवा, किती खायचं ते बाळ ठरवेल. वीस-पंचवीस मिनिटांनी ताट उचला. पुढच्या खाण्यापर्यंत मध्ये बिस्कीट नाही. आजीला हे निर्दयी वाटतं, पण वजनाचा आलेख दाखवला की थोडं ऐकतात.

दुधाचा हिशोब करा. वर्षानंतर दिवसाला साधारण अर्ध्या लिटरच्या वर दूध गेलं की पोट दुधानेच भरतं आणि दुधात लोह जवळजवळ नाही, मग रक्त कमी होतं, आणि रक्त कमी असलं की भूक अजून मरते. बाटलीने झोपेत दूध पाजायची सवय असेल तर ती मोडा, दात पण किडतात त्याने. फुलपात्राने द्या. वर्षाच्या बाळाला तुम्ही धरलेल्या छोट्या फुलपात्रातून पिता येतं, दीड वर्षाचं स्वतः धरून पितं आणि निम्मं अंगावर सांडतं. त्यासाठी तोटीचे महागडे कप लागत नाहीत.

चमचा शिकवायला मऊ भात, तूप आणि मेतकूट हे बेस्ट, कारण तो गोळा चमच्याला चिकटून राहतो. पातळ आमटी-भाताने सुरुवात केली तर तोंडापर्यंत काहीच पोचत नाही आणि दोघंही चिडता. खाली जुना पेपर अंथरा. दोन वर्षांपर्यंत चमच्याने खाता आलं पाहिजे, पण आपण दोन वर्षं भरवतच राहिलो तर येणार कुठून? पाळणाघरातली मुलं यात पुढे असतात त्याचं कारण तेच, तिथे प्रत्येकाला भरवायला कुणी नसतं. नाचणीची खीर, मुगाचं धिरडं, घावन, थालीपीठाचे तुकडे, अंडं, उसळ कुस्करून, घरात आपण खातो तेच कमी तिखट.

घशात अडकणाऱ्या गोष्टी मात्र कडक. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं, बोरं, गोटीसारखी चॉकलेटं, चार-पाच वर्षांपर्यंत नकोच. द्राक्ष उभं चिरून चार तुकडे. यात आपलं बोरन्हाण येतं. संक्रांतीला बाळाला काळे कपडे, हलव्याचे दागिने घालून डोक्यावरून बोरं, ऊस, हरभरे, शेंगा ओततात, आणि खालचं वेचायला मोठी पोरं पण असतात, बाळ त्या गर्दीत काय तोंडात घालतं कुणाला दिसत नाही. आम्ही चुरमुरे आणि झेंडूच्या पाकळ्यांनी केलं, बोरं मोठ्या मुलांच्या पिशव्यांमध्ये दिली, फोटो तेवढेच छान आले. हलव्याचे दाणे पण बाळ तोडून खातं, फोटो झाला की उतरवा.

झोप आणि हिंजवडी

एक ते दोन वर्षांच्या मुलाला दुपारची धरून ११ ते १४ तास झोप लागते, तीन वर्षांनंतर १० ते १३. पुण्यात आता घरोघरी हाच घोळ, बाबा रात्री नऊला येणार, बाबा भेटावा म्हणून बाळ जागं, मग साडेदहा-अकरा, सकाळी पाळणाघरासाठी ओढून उठवायचं, आणि मग दिवसभर किरकिर आणि "हट्टी झालाय". अर्धा हट्ट झोपेचा असतो. आम्ही बाबाचा वेळ सकाळी केला. अंघोळ आणि नाश्ता बाबाकडे, रात्री आल्यावर बाळ झोपलेलं असलं तरी चालेल. सुरुवातीला त्याला वाईट वाटलं, पण सकाळी ताजं बाळ मिळतं, रात्री मिळायचं ते रडकंच. सिरियलचा आवाज बारीक ठेवणं हा वेगळा विषय आहे, त्यावर मी काही बोलत नाही, मला याच घरात राहायचंय.

हट्ट, चावणं, जमिनीवर लोळणं

दीड ते तीनच्या मध्ये हे होणारच, कारण डोक्यात खूप काही असतं आणि सांगायला शब्द नसतात. आधी बघा भूक, झोप, गर्मी, शी, यातलं काही आहे का. नसेल तर जवळ बसा, कमी बोला, लागेल असं काही आजूबाजूचं हलवा. त्या वेळी समजावून काहीही डोक्यात जात नाही. शांत झाल्यावर एक वाक्य, "राग आला तुला, बाहेर जायचं होतं." आधीच टाळायचं असेल तर बागेतून निघायच्या पाच मिनिटं आधी सांगा, "अजून तीन घसरगुंड्या, मग घरी", आणि तीन म्हणजे तीनच. कपडे घालताना "कपडे घालू या का?" विचारू नका, नाहीच म्हणेल. "लाल का पिवळा?" विचारा. चावलं तर तोंडासमोर "नाही, दुखतं" एवढंच, उलट चावून दाखवू नका, हा सल्ला पण मिळतो आपल्याकडे.

एकत्र घरात खरी अडचण वेगळी. आई नाही म्हणते, आजोबा खिशातून चॉकलेट काढतात. सगळ्या गोष्टींवर एकमत होणार नाही, ते सोडून द्या. दोन-तीन नियम पक्के ठरवा, जेवताना स्क्रीन नाही, मारायचं नाही, गाडीत बांधून बसायचं, आणि बाकी आजोबांच्या राज्यात आजोबांचं चालू द्या.

स्क्रीनचं थोडक्यात, दोन वर्षांपर्यंत नाही आणि दोन ते पाचमध्ये दिवसाला एक तासाच्या आत, असं आपल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना आयएपी सांगते, डब्ल्यूएचओ पण २०१९ पासून जवळपास हेच सांगतं. गावाकडच्या आजीशी व्हिडिओ कॉल चालतो. आजारपणात, प्रवासात कधीतरी लावलं म्हणून मन खाऊ नका, जेवणाला रोज लावणं तेवढं तोडा. तोडताना तीन-चार दिवस वाईट जातात.

घरात चार जागा आजच बघा

बाथरूममधली भरलेली बादली आणि पाण्याचं पिंप. पाणी जाणार म्हणून आपण भरून ठेवतो, पण एवढंसं मूल बादलीत वाकलं तर डोकं जड असल्याने त्याला उठता येत नाही, चार बोटं पाणी पण पुरतं. बाथरूमला बाहेरून वर कडी लावा. बाल्कनीतल्या कुंड्या, स्टूल, जुनी खुर्ची कठड्यापासून लांब, दीड वर्षाचं पोर सोफ्यावर चढतं तसं त्यावरही चढतं. रिमोट आणि खेळण्यांतले गोल चपटे सेल, हे गिळले तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते, शंका आली तरी लगेच हॉस्पिटल, शीतून पडेल म्हणून वाट बघायची नाही. आणि फिनेल पेप्सीच्या बाटलीत भरून ठेवायची सवय घरात कुणाला असेल तर ती आज बंद.

बाहेर, स्कूटरवर पुढे उभं करून न्यायची पुण्याची जुनी सवय आहे. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला दुचाकीवर नेताना बाळाला चालवणाऱ्याशी बांधणारा पट्टा आणि बाळाच्या मापाचं हेल्मेट लागतं आणि वेग ताशी ४०च्या वर नको, असा केंद्राचा नियम २०२३ पासून लागू आहे. कुणी पाळताना दिसत नाही, तुम्ही पाळा.

शी-शूचं प्रशिक्षण मी इथे घेत नाही, फक्त एवढं की दोन-दोन तास लंगोट कोरडा राहतो, झाल्याचं सांगतं, चड्डी खाली ओढता येते, हे दिसल्याशिवाय सुरू करू नका, बहुतेकांचं दोन ते तीनच्या मध्ये होतं.

थांबायचं नाही असं कधी

वर्षापर्यंत टाटा, हात पुढे करणं असं काहीच नाही, नावाने हाक मारली तर बघत नाही. १८ महिन्यांना चालत नाही. १८ महिन्यांना बोट दाखवण्याच्या त्या दोन प्रकारांतला एखादा प्रकार दिसत नाही. १६-१८ महिन्यांत एकही शब्द नाही. दोन वर्षांना स्वतःहून दोन शब्द जोडत नाही. सतत चवड्यांवरच चालतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, कुठल्याही वयात आधी येत असलेलं काही गेलं, आधी शब्द बोलायचं आणि आता बंद झालं, तर त्याच आठवड्यात दाखवा.

अशा वेळी घरातून येणारी वाक्यं ठरलेली असतात. मुलगे उशिराच बोलतात. याचे बाबा पण चार वर्षांचे झाल्यावर बोलले. एकटा आहे ना घरात, शाळेत गेला की बोलेल. वेखंड उगाळून चाटवा. यातल्या कुणाशीही वाद घालू नका, "हो हो" म्हणा आणि अपॉइंटमेंट घ्या. तपासून सगळं ठीक निघालं तर एक दुपार गेली एवढंच. आणि नाही निघालं तर मदत जेवढी लवकर सुरू होते तेवढा फायदा जास्त, निदान होईपर्यंत थेरपीसाठी थांबायची पण गरज नसते.

सुरुवात नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांकडून करा आणि सरळ विचारा, "विकासाची स्क्रीनिंग टेस्ट करता का?" १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी ऑटिझमचा धोका बघणारी एम-चॅट नावाची २० प्रश्नांची यादी असते, पालकांनीच हो-नाही उत्तरं द्यायची, दहा मिनिटांचं काम. त्यात जास्त मार्क आले म्हणजे ऑटिझम झाला असं नाही, पुढे नीट तपासायचं एवढाच अर्थ. खर्चाचा प्रश्न असेल तर अंगणवाडीत जा, शहरात पण आहेत, सरकारच्या आरबीएसके योजनेतली डॉक्टरांची टीम वर्षातून दोनदा अंगणवाडीत मुलं तपासते आणि गरज पडली तर जिल्ह्याच्या केंद्रात फुकट पाठवते. पुण्यात रास्ता पेठेतल्या केईएम हॉस्पिटलमध्ये मुलांच्या विकासासाठी वेगळं सेंटर आहे, ऐकणं-बोलणं यासाठी धनकवडीला भारती विद्यापीठाचं ऑडिओलॉजी आणि स्पीचचं कॉलेज आहे.

जाताना लसीकरणाची फाईल, जन्माचे कागद आणि शब्दांची यादी न्या, ज्या भाषेत जसा उच्चार करतं तसाच लिहा. आणि मोबाईलमध्ये एक-एक मिनिटाचे दोन-तीन व्हिडिओ, खेळतानाचा, जेवतानाचा, हाक मारल्यावर बघतं का त्याचा, कारण दवाखान्यात गेल्यावर बाळ तुमच्या मानेला चिकटून बसतं आणि काहीच करून दाखवत नाही. वेगळं जायला जमत नसेल तर १६ ते १८ महिन्यांच्या बूस्टर लसीला तसंही जायचंच असतं, तेव्हाच विचारा, पण इंजेक्शनच्या आधी विचारा, नंतर त्या रडारडीत तुमच्या डोक्यातून सगळं निघून जाईल आणि डॉक्टरांना पण बाळ नीट बघता येणार नाही.